आयटी कंपनीत नेतृत्वात महिला वाढवायच्या असतील, तर टीम लीडपासून सुरुवात करा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ मुळे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असावीच लागते. पण खरी गळती फार खाली, इंजिनिअरची टीम लीड, म्हणजे छोट्या टीमची प्रमुख, होताना लागते. तिथे बढती हुकत गेली की पुढे डिलिव्हरी हेडसाठी (क्लायंटची कामं पूर्ण करून देणाऱ्या विभागाच्या प्रमुखपदासाठी) महिलांची नावंच उरत नाहीत.

आधी एचआरकडून तीन वर्षांची पदनिहाय यादी काढा : प्रत्येक पदावर किती महिला, किती पुरुष, शेवटची बढती होऊन किती महिने झाले. कंपनीची एकूण टक्केवारी बघू नका, फ्रेशर मुलींच्या भरतीमुळे ती छान दिसते. एचआर आणि अकाउंट्स विभागांचे आकडे वेगळे काढा. प्रमाण ज्या पदावर एकदम घसरतं, तिथे काम करायचं.

बहुतेक ठिकाणी घोळ बाळंतपणाच्या रजेत असतो. रजा २६ आठवड्यांची. ऑगस्टमध्ये गेलेली इंजिनिअर फेब्रुवारीत परतते आणि मार्चमध्ये अप्रेझल. मॅनेजर वर्षभराचे बिलिंगचे तास (क्लायंटला ज्यांचे पैसे लावले ते) बघतो आणि ‘सरासरी’ देऊन मोकळा होतो. बढतीला सलग दोन वर्षं चांगलं रेटिंग लागत असेल, तर तिची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा सरळसरळ अन्याय आहे, आणि तो थांबवणं अवघड नाही. उद्दिष्टं कामावर असलेल्या महिन्यांपुरतीच धरा. रजेआधीच्या रेटिंगपेक्षा कमी द्यायचं असेल तर लेखी कारण आणि वरच्या अधिकाऱ्याची सही लागेल, असा नियम करा. परतल्यावर बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवू नका, महिन्याभरात क्लायंटसमोरचं काम द्या.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर कायद्यानेच लागतं. पण बदलापूरहून पवईला येणारी आई तान्हं बाळ घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणार कशी? ऑफिसचं पाळणाघर ठेवाच, शिवाय घराजवळच्या पाळणाघराची फी देण्याची सोय करा.

कॉलच्या वेळाही तपासा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेव्हा घरी निघालेली इंजिनिअर ट्रेनमध्ये असते, क्लायंटशी दुसराच बोलतो आणि पुढचं टीम लीडचं पद त्याला मिळतं. हे कॉल पाळीपाळीने द्या, त्या दिवशी घरून काम करू द्या.

बढतीच्या यादीत किमान दोन महिला हव्यात, एकच असली की ती नावापुरती ठरते. निकष मुलाखतीआधी लिहून काढा. ‘तिला घर सांभाळून जमणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर तिला विचारलं होतं का, हे तिथल्या तिथे विचारा. बहुतेकदा विचारलेलं नसतं.

फक्त आकड्याचं टार्गेट दिलंत तर मॅनेजर महिलांना ट्रेनिंग, सीएसआर (कंपनीचं समाजकार्य), प्रोजेक्ट ऑफिस अशा पदांवर बसवून आकडा भरतात. म्हणून दर तिमाहीला वेगळं मोजा : बजेट, क्लायंटचा महसूल आणि माणसं घेण्याचा अधिकार किती जणींच्या हातात आहे.