पहिलटकरणीला काप लागतोच, असं मीही शिकले होते

बीड जिल्ह्यातल्या एका लेबर रूममध्ये मी स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिलटकरीण आली की एपिसिओची, म्हणजे बाळ बाहेर येताना योनीच्या तोंडाशी द्यायच्या कापाची कात्री, लिग्नोकेन हे भुलीचं औषध आणि टाक्यांचा धागा आधीच ट्रेमध्ये काढून ठेवायची पद्धत होती. डोकं दिसायला लागलं की काप. "फाटण्यापेक्षा कापलेलं बरं, नीट शिवता येतं," असं मला शिकवलं गेलं आणि मीही विद्यार्थिनींना तेच शिकवत राहिले. जीएनएम, एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करून जालना, परभणी, हिंगोलीकडे पोस्टिंगवर निघालेल्या मुलींसाठी हे लिहितेय.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या घरातली एक बाळंतीण दहाव्या दिवशी परत आली. टाक्यांत पू झाला होता. "सिस्टर, बसताच येईना, लेकराला पाजू कशी? मुकादमाची उचल घेतलीय, टोळी तर कधीच गेली." मी तिचा केसपेपर काढला. बाळाचे ठोके शेवटपर्यंत चांगले, डोकं हळूहळू खाली येत होतं. काप का दिला, याचं कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. अक्षर माझं होतं.

मग वाचायला लागले. 1993 मध्ये अर्जेंटिनात 2606 बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटात सरसकट काप, तिथे सुमारे 83 टक्के बायकांना तो मिळाला. दुसऱ्यात गरज असेल तरच, तिथे 30 टक्के. गुदद्वारापर्यंत जाणारी मोठी फाट सरसकट गटात 1.5 टक्के, दुसऱ्यात 1.2. म्हणजे काप दिल्याने मोठी फाट टळते, हा आपला आधारच ढिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक बाळंतपणात सरसकट काप देऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय.

कात्री बाजूला ठेवली म्हणजे हात बांधून बसायचं नसतं, उलट काम वाढतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ पॅड पेरिनियमवर, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागावर धरायचा. डोकं बाहेर येताना एका हाताने त्याचा वेग आवरायचा, दुसऱ्याने खालून आधार द्यायचा. आणि त्या क्षणी "जोर लाव, जोर लाव" हे ओरडणं बंद. "आता जोर नको, तोंड उघडून छोटे छोटे श्वास घे, माय," असं तिच्या कानाशी सांगायचं. तिची आई किंवा सासू जवळ असेल तर तीच हे जास्त चांगलं सांगते; लेबर रूम सुधारण्यासाठीच्या 2017 पासूनच्या सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीसोबत तिचं माणूस असण्यावर भर आहे, त्याचा वापर करा. पोट वरून दाबायचं नाही. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर तो वेळ तिचा आहे.

सगळ्यात अवघड असतं ते सीनियरसमोर बोलणं. टेबलापाशी अभ्यासाचे दाखले देत बसू नका, बाळंतिणीसमोर वाद तर मुळीच नको. मी ठोके मोजून एवढंच म्हणायचे, "मॅडम, ठोके 138 आहेत, दोन कळा थांबू का?" बहुतेक वेळा "थांब" असंच उत्तर आलं. त्यासाठी या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ठोके खरंच मोजलेले हवेत.

काप लागतो तेव्हा मात्र कचरायचं नाही. डोकं अगदी तोंडाशी आलंय आणि ठोके पडून वर येत नाहीत, किंवा डॉक्टर बाळाचं डोकं धरून बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावणार आहेत, अशा वेळी तो बाळाला वाचवू शकतो. तिला सांगा, होकार घ्या, भूल द्या. कातडी पूर्ण ताणलेली असताना मधल्या रेषेपासून साठ अंशांत, बाजूला काप द्या. सरळ खाली गेलात तर गुदद्वाराच्या स्नायूला धोका. काप दिला असो वा नसो, वार पडल्यावर चांगल्या उजेडात पूर्ण तपासणी करायचीच. छोटी फाट असली, रक्त येत नसलं, तर टाक्यांचीही गरज पडत नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये मी पट्टीने एक रकाना जास्तीचा आखला: "काप का दिला". सुरुवातीला तिथे नुसतं "पहिली खेप" लिहून यायचं. मी ते खोडून पोरींना पुन्हा विचारायचे, ठोके किती होते?