अक्षांश-रेखांश तपासताय? या चुका टाळा

अक्षांश -90 ते 90, रेखांश -180 ते 180. ॲपमध्ये एवढी अट लिहिली की व्हॅलिडेशन (आलेले आकडे तपासणं) झालं असं समजून बरेच जण पुढे सरकतात. अट हवीच, पण आपल्याकडे नेहमी होणारी चूक तिच्यातून अलगद निसटते.

ती चूक म्हणजे अदलाबदल. गूगल मॅप्सला आधी अक्षांश लागतो. जिओजेसन (नकाशाची माहिती लिहायचा फॉरमॅट) आणि पोस्टजीआयएसला (नकाशाची माहिती ठेवणारा डेटाबेस) आधी रेखांश. पुणे आहे 18.5204, 73.8567. उलटं पाठवलं तरी 73.8567 हा आकडा 90 च्या आतच बसतो. अट पास, आणि पार्सलचा पत्ता नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात! गुवाहाटीचा रेखांश 91 च्या पुढे, त्यामुळे तिथे हा घोळ लगेच उघडा पडतो. मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत तो कुठेच उघडा पडत नाही. ॲप महाराष्ट्रापुरतं असेल तर चौकट लावा: अक्षांश साधारण 15.5 ते 22.2, रेखांश 72.5 ते 81. चौकटीबाहेरचे आकडे गुपचूप उलटे करून मात्र घेऊ नका, चूक कुठे झाली ते शोधा.

दुसरा घोळ खास आपला. फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइडवर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) न देता फॉरमॅट केलेला आकडा '१८.५२०४' असा देवनागरीत येऊ शकतो. पायथनला तो वाचता येतो, म्हणून टेस्टिंगमध्ये कळतही नाही. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) मात्र 'नॅन' म्हणजे 'हा आकडाच नाही' असं देतं. जेसनमध्ये (माहिती पाठवायचा फॉरमॅट) जाताना त्याचा 'नल' म्हणजे रिकामी किंमत होतो, आणि पुढे कुणी त्याचा नंबर केला की 0. म्हणजे गिनीच्या आखातातलं 0, 0. सर्व्हरला पाठवायच्या आकड्यांसाठी लोकेल रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं) किंवा यूएस ठेवा. स्क्रीनवर देवनागरी खुशाल दाखवा.

नॅनची आणखी एक खोड: त्याच्याशी केलेली 'पेक्षा लहान' किंवा 'पेक्षा मोठा' ही तुलना खोटीच ठरते. म्हणून '-90 पेक्षा कमी किंवा 90 पेक्षा जास्त असेल तर नाकारा' या अटीतून तो आरामात आत शिरतो. अट सरळ लिहा: मर्यादेत असेल तरच स्वीकारा.

तपासणी कधी करता हेही बघा. अँड्रॉइडवर गूगल मॅप्सचा लॅटलंग ऑब्जेक्ट (अक्षांश-रेखांशाची जोडी ठेवणारा) 90 च्या वरचा अक्षांश स्वतःच 90 वर आणून ठेवतो. त्यानंतर तपासून काय सापडणार? कच्चा आकडा हातात आल्याबरोबर तपासा. आयफोनवर अक्षांश-रेखांशासोबत हॉरिझॉन्टल ॲक्युरसीही (लोकेशन किती अचूक आहे ते सांगणारा आकडा) पाहा. ती ऋण असेल तर ते लोकेशन ग्राह्य नाही.

हाताने भरलेल्या फॉर्ममध्ये अंश-मिनिटं-सेकंदांची गल्लत होते. 18 अंश 31 मिनिटं 13 सेकंद हे कुणी 18.3113 असं टाकलं, तर जागा सुमारे 23 किलोमीटर दक्षिणेला सरकते. इथे चौकटही उपयोगाची नाही. सेव्ह करण्याआधी नकाशावर पिन दाखवून भरणाऱ्यालाच विचारावं लागतं.