घोड्याची निगा: घरगुती उपायांतल्या या चुका टाळा

घोडा घेणाऱ्याच्या दावणीला बहुधा आधीपासून गाई-बैल असतात, त्यामुळे उपायही गुरांचेच चालवले जातात. नुकसान होतं ते इथेच.

खुरांना तेल फासणं. पावसाळ्यात सर्वात जास्त हाल खुरांचे होतात. माथेरानच्या तांबड्या चिखलात असो की घरच्या ओल्या गोठ्यात, तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत घाण साचते. काळपट चिकट स्राव आणि कुजका वास आला, की खूर सडू लागला असं समजा. अशा वेळी हळद-तेल, डांबर किंवा गाडीचं जळकं ऑइल वरून चोपडतात. हे जंतू हवा लागत नाही तिथेच फोफावतात. घाणीवर तेलाचा थर म्हणजे त्यांची सोयच. आधी खूर साफ करायच्या लोखंडी आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे घाण खरवडा. उलट दिशेने ओढलंत तर आकडा मऊ भागात घुसतो. मग खूर धुवा, सुती फडक्याने खाचा कोरड्या करा आणि पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात भिजवलेला कापसाचा पातळ बोळा मधल्या खाचेत बसवा. बोळा रोज बदला. आठवडाभरात वास गेला नाही, रक्त दिसलं किंवा घोडा लंगडला, तर पशुवैद्यांना बोलवा. आणि खाली कोरडा भुसा नसेल तर औषध कितीही भरा, लघवीच्या ओलीत खूर पुन्हा सडणारच. नालबंदाची फेरी ६ ते ८ आठवड्यांनी व्हायलाच हवी, नाल शाबूत दिसली तरी.

गुरांचं पशुखाद्य देणं. हे कधीही करू नका. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, घोड्याच्या हृदयावर मात्र थोड्या मात्रेतही घाला घालतं. घोड्याचं पोट लहान असतं. साधारण ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ६-७ किलो सुका चारा लागतो, आणि भिजवलेला हरभरा किंवा ओट एका वेळी दीड किलोच्या वर नको. खुराक बदलायचा तर ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला. बुरशीचा किंवा ढिगात तापलेला ओला चारा सरळ फेकून द्या.

पोट दुखलं की नळ्याने तेल पाजणं. घोडा वळून कुशीकडे बघतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही: हा पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात साठलेलं वर यायला वाट नसते. बैलासारखं तोंड वर धरून तेल ओतलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं आणि मग न्यूमोनिया होतो. चारा काढून घ्या, पशुवैद्यांना फोन करा आणि ते येईपर्यंत घोड्याला सावकाश फिरवा. दमेपर्यंत पळवू नका.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदाच आवळणं. खोगीर चढवताना बरेच घोडे छाती फुगवतात. पाच मिनिटं चालवून तंग पुन्हा तपासा. आत दोन बोटं जायला हवीत. नंतर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखालच्या कातडीच्या चुण्या सुटतात. जखमा बहुतेक या चुण्यांमुळे आणि तंगावर वाळलेल्या घामामुळेच होतात. तंग दरवेळी पुसून ठेवा. कातडी सामानाला बुरशी आली तर उन्हात टाकू नका, कातडं तडकतं. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन पुसा, सावलीत वाळवा, मग तेलाचा अगदी हलका हात फिरवा. तेल जास्त झालं की शिवण कुजते.

लगामाने बांधणं. घोडा बिचकून मागे खेचला की लगामाची कडी जबड्यात रुतते. मोरखी, म्हणजे तोंडात कडी नसलेला डोक्याचा पट्टा, घालूनच बांधा, घोड्याच्या खांद्याइतक्या उंचीवर, दोरी हातभर ठेवून आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने.