ब्लोअर फक्त चारवरच चालायचा

भर पावसात ताम्हिणी घाटात गाडीची काच आतून धुरकटली आणि ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमधून हवा फेकणारा पंखा, एक-दोन-तीन वेगावर ढिम्म. चारवर मात्र सोसाट्याचा वारा! मोटर जळाली असती तर ती चारवरही फिरली नसती, म्हणजे दोष दुसरीकडे.

हाताने फिरवायच्या साध्या नॉबच्या माझ्या गाडीत कमी वेगासाठी वीज रेझिस्टरमधून, म्हणजे वीजप्रवाह कमी करणाऱ्या छोट्या भागातून, जाते. चारवर ती थेट मोटरला मिळते. रेझिस्टर तापतो, म्हणून तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. ब्लोअरचाच वारा त्याला गार ठेवतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, डॅशबोर्डचा कप्पा उतरवला. दोन स्क्रू काढल्यावर रेझिस्टर हातात आला. एक तार तुटलेली, प्लगचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. नवा बसवला, चारही वेग सुरू.

पण तेवढ्यावर थांबू नका. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बाहेर ओढला तर त्यात कडुलिंबाची वाळकी पानं आणि बोटभर धूळ! वारा अडला, म्हणूनच रेझिस्टर तापून गेला होता. फिल्टरही लगेच बदलला.

आणि काच धुरकटली की एसी लावून बाहेरची हवा आत घ्या. आतलीच हवा फिरत राहिली तर श्वासातली वाफ काचेवर बसते.