घरी इंजिन उघडताना होणाऱ्या चुका: या चुका टाळा

गाडीचे मोठे काम घरी करणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा भाग म्हणजे ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर), टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा), क्लच ही कामे मी स्वतः घराच्या आवारात केली आहेत आणि पुढेही करणार आहे. मात्र मदतीसाठी बोलावणे आले की गेल्यावर जे पाहायला मिळते, त्यात नवीन असे फारसे काही नसते. त्याच चार-पाच चुका वेगवेगळ्या गाड्यांवर झालेल्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेक उघडताना नव्हे तर पुन्हा जोडताना झालेल्या असतात. उघडताना माणूस बिचकत, जपून काम करतो. गाडी सुरू झालेली पाहण्याची घाई त्याला जोडताना होते.

पहिली चूक जॅकची आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, ती धरून ठेवण्यासाठी नसतो, हे सगळ्यांना माहीत असते; तरीही "दोनच मिनिटांचे काम आहे" असे म्हणत माणसे जॅकच्या भरवशावर गाडीखाली सरकतात. हायड्रॉलिक जॅकमधले तेल सीलमधून हळूहळू झिरपते आणि बाहेरून ते दिसतही नाही. एकदा स्टँडवरची (गाडी धरून ठेवणाऱ्या पोलादी आधारांवरची) गाडी उतरवायची म्हणून मी जॅक लावून ती किंचित उचलली, स्टँड काढले आणि अंधार पडल्यामुळे काम तिथेच थांबवले. सकाळी गाडी चार बोटे खाली आलेली होती. खाली कोणी नव्हते, पण जॅक दिसायला आदल्या संध्याकाळी होता तसाच, ताठ उभा होता, हे मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून स्टँड बसवल्यावर मी गाडी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहतो, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतो आणि काढलेले चाक गाडीच्या उंबऱ्याखाली (दारांखालच्या कडेखाली) आडवे सरकवून ठेवतो. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे स्टँड म्हणून मी कोणालाही वापरू देत नाही, कारण ते तडा जाण्याआधी कसलीही सूचना देत नाहीत.

ज्या चुकीवर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, ती हेडच्या बोल्टांची आहे. माझ्या भाच्याने हेड गॅस्केट बदलायचे ठरवले आणि दोन दिवस खपून अतिशय नीटनेटके काम केले. हेडचा पृष्ठभाग त्याने आरशासारखा स्वच्छ केला, गॅस्केट चांगल्या प्रतीचे आणले, बोल्टही नवे घेतले. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला: "मामा, शेवटच्या फेरीत एक बोल्ट एकदम हलका फिरला. आटे गेले असतील का?" मी गेलो आणि हेड पुन्हा काढायला लावले. आटे शाबूत होते. त्या बोल्टाच्या भोकापासून शेजारच्या पाण्याच्या मार्गापर्यंत ब्लॉकला केसासारखी बारीक चीर गेली होती. मग मी शेजारच्या भोकात कापडाची घट्ट वळलेली वात तळापर्यंत घातली आणि बाहेर काढली, तेव्हा ती पेरभर हिरवट कूलंटने (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने) भिजलेली होती.

हेड उचलताना पाण्याच्या मार्गातले कूलंट सांडते आणि बोल्टांच्या भोकांत उतरते. ज्या इंजिनांत ही भोके तळाशी बंद असतात, तिथे त्या द्रवाला जायला जागा नसते. वरून बोल्ट आवळला की तो पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे सगळा जोर भोकाच्या भिंतीवर येतो आणि ओतीव लोखंड किंवा ॲल्युमिनियम फाटते. भोकात द्रव थोडा असेल तर ब्लॉक फुटत नाही, पण टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या पान्यावर) आकडा पूर्ण दिसतो आणि हेडवर दाब मात्र तेवढा बसत नाही, म्हणजे गॅस्केट काही दिवसांतच पुन्हा जाते. म्हणून मी प्रत्येक भोकात कोरडी वात घालतो, ती कोरडी बाहेर येईपर्यंत बदलत राहतो, नंतर डोळ्यांवर चष्मा लावून हवेचा झोत मारतो आणि शेवटी पुन्हा एकदा वात घालतो. याला पाऊण तास लागतो, आणि भाच्याने नेमका तोच पाऊण तास वाचवला होता.

याच कामातली दुसरी चूक म्हणजे जुने गॅस्केट खरवडण्यासाठी ड्रिलला खरखरीत चकती लावणे. काम झटपट होते आणि पृष्ठभाग चमकतो, पण चकतीतून सुटणारी कठीण धूळ तेलाच्या मार्गात उतरते आणि इंजिन सुरू झाल्यावर बेअरिंगे कुरतडते. शिवाय मऊ ॲल्युमिनियमवर जिथे चकती जास्त टेकते, तिथे खळगा पडतो. मी प्लॅस्टिकची पट्टी आणि गॅस्केट सोडवणारे द्रावण वापरतो, सिलिंडरच्या तोंडांत कापड कोंबून ठेवतो आणि मगच खरवडायला सुरुवात करतो. त्यानंतर हेडवर सरळ धारेची पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) फट मोजतो. बहुतेक इंजिनांत चालणाऱ्या फटीची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. एकदा तापून गेलेले इंजिन हेड न मोजता जोडणे म्हणजे तेच काम महिन्याभराने पुन्हा करणे होय.

टॉर्कबाबत "हाताला अंदाज असतो" असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमत नाही. आता बहुतेक हेड बोल्ट आधी ठरावीक टॉर्कवर आणि मग ठरावीक अंशांत फिरवून आवळायचे असतात. ते मुद्दाम ताणले जातात, म्हणून पुन्हा वापरायचे नसतात, आणि तो कोन कोणत्याही हाताला अंदाजाने कळत नाही. क्रम मधून बाहेर असा असतो आणि सोडताना तो उलटा असतो. मॅन्युअलमधला आकडा कोणत्या एककात आहे हे मात्र आधी पाहावे. ६५ फूट-पाउंड म्हणजे जवळपास ८८ न्यूटन-मीटर होतात, आणि १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९८ न्यूटन-मीटर. एककाची गल्लत झाली की नवा बोल्ट आणि महागडा पाना दोन्ही असूनही काम वाया जाते. टॉर्क रेंच बोल्ट सोडवण्यासाठी वापरू नये आणि काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.

टायमिंग बेल्ट बदलल्यावर थेट किल्ली फिरवणे ही माझ्या दृष्टीने अक्षम्य घाई आहे. बेल्ट बसला की क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवावे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी होते आणि सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे कडक अडथळा लागला तर तिथेच थांबावे, कारण अनेक इंजिनांत चुकलेल्या बेल्टवर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतो. हाताने फिरवताना तो नुसता टेकतो, स्टार्टरने फिरवल्यास वाकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे धन टोकावरचा पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकू नयेत. मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवतो, कारण लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि कव्हर सैलच राहते. ब्रेक कॅलिपर (चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नये, तारेने बांधून ठेवावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नये, आणि डॉट ५ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलच्या प्रकाराचा क्रमांक) हे सिलिकॉनचे असल्याने डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नये. सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग मी घरी सोडवत नाही. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बरचा जोड) काढून वर्कशॉपमध्ये नेतो आणि तिथल्या यंत्रावर ती सोडवून घेतो. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये. ते चवीला गोड असते आणि मांजर-कुत्र्यांसाठी विष असते.

इंजिन प्रथम सुरू करताना हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. कूलंटमध्ये हवा अडकली असेल तर सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन तापले तरी काटा खाली दिसू शकतो. पंखा सुरू होईपर्यंत मी गाडीजवळून हलत नाही, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही होजना मधूनमधून हात लावून पाहतो आणि हीटरमधून गरम हवा येते का हे तपासतो. त्यानंतर इंजिन रात्रभर थंड होऊ देतो, सकाळी झाकण उघडून कूलंटची पातळी पाहतो, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासतो.