न्यू डील समजून घ्यायची असेल तर

पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी अमेरिकी सरकारी कार्यक्रमांच्या आद्याक्षरांची एक यादी पाठ केली होती: सीसीसी, फेरा, एएए, एनआरए, पीडब्ल्यूए, टीव्हीए, डब्ल्यूपीए. परीक्षेत ती जशीच्या तशी उतरवली आणि जेमतेम उत्तीर्ण झालो. अमेरिकेतील महामंदी आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ पासून राबवलेले मदतीचे व सुधारणांचे कार्यक्रम, म्हणजेच ‘न्यू डील’, अभ्यासायला घेतलेल्या कोणालाही माझे पहिले सांगणे असे, की ती यादी तूर्त बाजूला ठेवा. ‘मदत, उभारी, सुधारणा’ हे पाठ्यपुस्तकातील तीन कप्पेही सुरुवातीला नकोत, कारण त्यांतील निम्मे कार्यक्रम एकाच कप्प्यात मावत नाहीत.

‘डील’ या शब्दापासून सुरुवात केली तर बरे. त्याचे मराठी ‘नवा करार’ असे करण्याचा मोह होतो. पण त्या शब्दांनी आपल्याकडे बायबलचा उत्तरार्ध डोळ्यांपुढे येतो, आणि मूळ शब्दातील पत्त्यांच्या डावाची छटा हरवते. जुना डाव मोडून पाने पुन्हा पिसायची आणि नव्याने वाटायची, असा तो भाव आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात जुलै १९३२ मध्ये रूझवेल्ट यांनी हा शब्द वापरला तेव्हा त्यामागे पूर्ण आराखडा तयार नव्हता. पुढे जे घडले त्यात प्रयोग, माघार आणि परस्परविरोध भरपूर आहेत. त्यामुळे एका सुसंगत योजनेचा शोध घेऊ नका. तो घेणाऱ्याचा गोंधळच वाढतो.

कालरेषा आखताना आरंभी वर्षे नव्हे, दिवस मांडा. तत्पूर्वी आधीचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या कारकिर्दीसाठी दोन ओळी राखून ठेवा, कारण त्यांनी काहीच केले नाही हा समज खरा नाही. बँका व रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारे पुनर्रचना वित्त महामंडळ त्यांच्याच काळात, १९३२ च्या जानेवारीत स्थापन झाले होते. मात्र ती मदत वरच्या टोकाला पोचत होती आणि खाली कामगारांपैकी सुमारे २५ टक्के लोक बेकार होत होते. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी शपथ घेतली तेव्हा बहुतेक राज्यांनी बँका पूर्णतः किंवा अंशतः बंद केल्या होत्या. ६ मार्चला देशभर बँकांना सुट्टी जाहीर झाली. ९ मार्चला बँकिंगचा तातडीचा कायदा एकाच दिवसात संमत झाला. प्रतिनिधी सभेतील बहुतेकांच्या हाती विधेयकाची छापील प्रतही नव्हती. १२ मार्चच्या रविवारी रात्री राष्ट्राध्यक्ष रेडिओवर आले आणि तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत नुसता ठेवत नाही, तो कर्जरूपाने फिरवते, इतक्या साध्या गोष्टीपासून त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून तपासलेल्या सक्षम बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या, आणि पैसे काढायला लागणाऱ्या रांगा आता पैसे भरायला लागल्या. हा आठवडा नीट समजला की एक गोष्ट ध्यानात येते: पहिला उपाय पैशाचा नव्हता, विश्वासाचा होता. ठेवींचा विमा नंतर आला. त्याचा कायदा जूनमध्ये झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले.

यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला चार प्रश्न विचारायचे. पैसा कोठून आला? तो कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला? कोण वगळले गेले? आणि पुढे काय टिकले? एका कार्यक्रमावर हा सराव पूर्ण करून पाहावा. त्यासाठी मी सीसीसी, म्हणजे नागरी संवर्धन दल, सुचवतो, कारण त्यात सगळे काही हाताला लागते. १८ ते २५ वयाचे अविवाहित, प्रामुख्याने मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलगे यात घेतले जात. निवड कामगार खात्याची, छावणी लष्कराची, काम नेमून देणे शेती व अंतर्गत खात्यांचे. महिना ३० डॉलर मजुरी, पण त्यांतील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. म्हणजे जंगलात झाडे लावणाऱ्या एका पोराच्या मजुरीवर शहरातील किराणा दुकानाची उधारी फिटत होती, आणि तोच पैसा पुढे घाऊक व्यापाऱ्याकडे सरकत होता. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या दलातून गेले आणि त्यांनी जवळजवळ ३०० कोटी झाडे लावली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधून लिहावे लागते: मुलींना येथे प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय तरुणांना बहुतांशी वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई.

बेकारांच्या मदतीचे तीन कार्यक्रम सुटे न वाचता एकाच धाग्यात ओवावेत, कारण तिन्हींच्या मागे हॅरी हॉपकिन्स हा एकच माणूस आहे. मे १९३३ मधील फेराने, म्हणजे केंद्राच्या तातडीच्या मदत प्रशासनाने, राज्यांना ५० कोटी डॉलरचे अनुदान दिले, त्यातील निम्मे राज्यांच्या खर्चाच्या प्रमाणात. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, त्याची त्यामुळे अडचण व्हायची, म्हणून उरलेले निम्मे गरज पाहून देण्याची मुभा ठेवली गेली. हिवाळा तोंडावर आला तेव्हा सीडब्ल्यूएने, म्हणजे नागरी कामे प्रशासनाने, केंद्राच्या थेट मजुरीवर काही आठवड्यांत ४० लाखांहून अधिक लोकांना कामाला लावले आणि खर्चाच्या धास्तीने तो कार्यक्रम १९३४ च्या वसंतात गुंडाळलाही गेला. १९३५ मध्ये डब्ल्यूपीए, म्हणजे सार्वजनिक कामे देणारी केंद्राची नवी संस्था, आली. तिने १९४३ पर्यंत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. या धाग्यात वाद एकच आहे: फुकट शिधा द्यावा की काम देऊन मजुरी द्यावी? हॉपकिन्स कामाच्या बाजूचे होते. तरीही डब्ल्यूपीएमध्ये सहसा घरटी एकालाच काम मिळे आणि वेतन मदतीच्या रकमेपेक्षा जास्त, पण खासगी मजुरीपेक्षा कमी ठेवले जाई, म्हणजे खासगी काम मिळताच माणूस तिकडे जावा. रस्ते आणि शाळांबरोबर या संस्थेने लेखकांनाही कामावर ठेवले, आणि त्यांनी गुलामगिरीत जन्मलेल्या वृद्धांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या. सरकारी मदतकार्यातून असा दस्तऐवज हाती येईल, असे कोणाला वाटले असेल?

शेतीवर थोडे थांबा, कारण ‘कोण वगळले गेले’ हा प्रश्न येथेच सर्वाधिक टोचतो. भाव पडले होते ते मालाच्या ढिगामुळे, तेव्हा पीक कमी घेणाऱ्याला पैसे द्यायचे, असा १९३३ च्या शेती कायद्याचा हिशोब होता आणि तो पैसा माल प्रक्रियेला नेणाऱ्यांवर कर बसवून उभा करायचा होता. कायदा मे महिन्यात झाला तेव्हा कापूस उगवूनही आला होता. म्हणून सुमारे एक कोटी एकरांवरील उभे पीक नांगरले गेले आणि सुमारे ६० लाख डुकराची पिल्ले मारली गेली. लोक उपाशी असताना हे घडल्याने जो संताप उसळला तो समजण्याजोगा आहे, पण खरी मेख पुढे आहे. सरकारी धनादेश जमीनमालकाच्या नावे येई. दक्षिणेतील बटाईदाराला त्यातील वाटा मिळणे कागदावर होते. प्रत्यक्षात जमीन पडीक ठेवायची म्हटल्यावर बटाईदारच नको झाला आणि अनेक कुटुंबे झोपड्यांतून बाहेर काढली गेली. १९३४ मध्ये आर्कान्सात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुळांनी मिळून संघटना उभी केली ती या कारणाने.

न्यायालयाचे निकाल हे स्वतंत्र प्रकरण समजून शेवटी ढकलू नका. त्यांच्याविना नंतरच्या कायद्यांची घडण कळत नाही. ब्रुकलिनमधील कोंबडी विक्रेत्या भावांच्या खटल्यात २७ मे १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्योगांवर आचारसंहिता लादणारी एनआरएची (राष्ट्रीय उभारी प्रशासनाची) व्यवस्था एकमताने रद्द केली, आणि जानेवारी १९३६ मध्ये शेतीवरील प्रक्रिया करही गेला. पहिल्या खटल्यात कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारे कलमही बुडाले. ते जुलै १९३५ च्या वॅग्नर कायद्याने स्वतंत्रपणे आणि अधिक बळकट करून परत आणले. ऑगस्टमधील सामाजिक सुरक्षा कायद्याची बांधणीही, तो न्यायालयात टिकावा म्हणून, मुद्दाम कर लावण्याच्या अधिकारावर केलेली होती. कामगार व मालक या दोघांकडून वेतनाचा एकेक टक्का कापून वृद्धापकाळाचे वेतन द्यायचे, ही ती रचना. व्हर्माँटच्या आयडा मे फुलर यांना ३१ जानेवारी १९४० रोजी पहिला मासिक धनादेश मिळाला तो २२ डॉलर ५४ सेंटचा. तीन वर्षांत त्यांच्या वेतनातून एकूण २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले होते आणि त्या शंभर वर्षे जगल्या. मात्र शेतमजूर आणि घरकामगार या कायद्याबाहेर ठेवले गेले होते, म्हणजे दक्षिणेतील कृष्णवर्णीय श्रमिकांचा मोठा हिस्सा बाहेरच राहिला.

न्यू डीलमुळे मंदी संपली का, या हमखास प्रश्नाचे उत्तर लिहिण्याआधी आकडा कसा मोजला आहे ते पाहा. रूढ मालिकेत बेकारी १९३३ मध्ये सुमारे २५ टक्के, १९३७ मध्ये १४ च्या आसपास आणि १९३८ मध्ये पुन्हा १९ टक्के दिसते. पण त्या मालिकेत डब्ल्यूपीएवर राबणारे लोकही बेकारच धरलेले आहेत. त्यांना कामावर धरले तर आकडा बराच खाली येतो. १९३८ ची उसळी मात्र कोणत्याही मोजणीत उरते. अंदाजपत्रक जुळवण्याच्या ओढीने सरकारी खर्च कापला गेला, त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेने बँकांनी बाळगायच्या राखीव रकमेचे प्रमाण दुप्पट केले आणि सामाजिक सुरक्षेचा कर नुकताच वसूल होऊ लागला होता. माझ्या मते पूर्ण उत्तरात हे एक वर्ष संपूर्ण परिच्छेदाइतके मोलाचे आहे.

मराठी वाचकाला शेवटी एक तुलना हाताशी आहेच. आपली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातील कामांतून वाढली, तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. अमेरिकेची नक्कल म्हणून ती दाखवू नका. मंदी आणि दुष्काळ ही दोन वेगळी संकटे आहेत. डब्ल्यूपीएचे काम दर वर्षीच्या मंजूर रकमेवर अवलंबून होते, रक्कम आटली की माणसे कमी होत. आपल्या कायद्यात ग्रामीण प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे सरकारवर बंधनकारक ठरले. पाझर तलावाच्या बांधावर किंवा खडी फोडण्याच्या कामावर लावलेला हजेरीपट आणि डब्ल्यूपीएचा वेतनपट शेजारी ठेवा, आणि वर दिलेले चारही प्रश्न दोन्हींना विचारून पाहा.