मिनी ट्रॅक्टरच्या चाकाला वजन लावताय? आधी या चुका टाळा

चाक जागेवर फिरायला लागलं की सल्ला ठरलेला असतो, "मागच्या चाकात प्लेटा (लोखंडी वजनं) टाक". शेजारचा सांगतो, मिस्त्री सांगतो, प्लेटा विकणारा तर सांगणारच. ४५-५० एचपीच्या मोठ्या ट्रॅक्टरला हा सल्ला बऱ्याचदा खपून जातो. पण १८ ते २८ एचपीचा मिनी, जो द्राक्षबागेत, डाळिंबात नाहीतर उसाच्या आंतरमशागतीला फिरतो, त्याचं स्वतःचंच वजन साधारण सहाशे ते हजार किलो, त्यामुळे शंभर किलो चुकीच्या जागी गेले की ट्रॅक्टरचा सगळा तोलच बदलतो.

पुढून उचलतोय आणि वजन मागच्या चाकात

ही सगळ्यात कॉमन चूक, आणि सगळ्यात धोक्याचीही. मागे फवारणीची टाकी किंवा पलटी नांगर लावला की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो, चढाला तोंड वर करतो. मग लोक मागच्या चाकात प्लेटा लावतात. आता बघा, ट्रॅक्टर उचलतो तो मागच्या एक्सलभोवती, आणि तुमच्या प्लेटा आहेत नेमक्या त्याच एक्सलवर. म्हणजे पुढच्या चाकांवर त्यांनी एक किलोचाही फरक पडत नाही. उलट मागची पकड वाढते, आधी चाक स्लिप होऊन सुटत होतं ते आता सुटत नाही, त्यामुळे ट्रॅक्टर उलटा व्हायची शक्यता वाढते.

हिशोब करून बघू. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३२० पुढच्या चाकांवर. मागे ३०० लिटरची टाकी, लोखंड-पंप धरून ३८० किलो, तिचा भार मागच्या एक्सलपासून ८० सेंटीमीटर मागे, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर. ३८० ला ०.८ ने गुणा, दीडने भागा, आले साधारण २०० किलो. एवढं वजन पुढून उचललं गेलं, राहिले फक्त १२०. पुढच्या एक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार हवा असतो, म्हणजे इथे १६०. आता मागच्या चाकात ८० किलोच्या प्लेटा लावा, पुढे १२० चे १२० च. त्याऐवजी पुढच्या बंपरवर, एक्सलच्या अर्धा मीटर पुढे ५० किलो लावा, ते पुढच्या चाकांवर ६५ किलोचं काम करतात, कारण ते एक्सलच्या बाहेर आहेत. झाले १८५. खर्च कमी आणि स्टेअरिंगही परत हातात.

आकडे तुमच्या ट्रॅक्टरचे वेगळे येतील, त्यासाठी जवळच्या भुईकाट्यावर जा. टाकी भरून, अवजार वर उचलून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, पावती घ्यायची. नंतर अवजार सोडून नुसत्या ट्रॅक्टरचं वजन. दहा मिनिटांचं काम आहे पण करतं कोण.

आणि एक, रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचं खोड ओढताना साखळी खालच्या हुकलाच बांधा. टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटला बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत, तिथे कुठलीच प्लेट वाचवत नाही.

रोटाव्हेटरसाठी मागे वजन

याची गरजच नसते. रोटाव्हेटरची पाती चाकांच्याच दिशेला फिरतात, ती माती कापताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. ओढायचं काम जवळपास नाहीच. इथे इंजिन दबत असेल तर ते पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) ताकदीचं दुखणं आहे, खोली कमी करा, खालचा गिअर घ्या, पाती झिजलीत का बघा. मागच्या वजनाचा उपयोग नांगर, कल्टिव्हेटर, सबसॉयलर असल्या ओढायच्या अवजारांना.

स्लिप न मोजता अंदाजाने प्लेटा

थोडी स्लिप, म्हणजे चाक जागेवर घसरून फिरणं, पाहिजेच. टू व्हील ड्राइव्हला शेतात ८ ते १५ टक्के चालते. मोजायला काही मशीन लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करा, अवजार जमिनीत घालून नेहमीच्या गिअरला चाकाचे १० फेरे होऊ द्या, सुरुवातीला आणि शेवटी काठी रोवा. मग अवजार वर उचलून तेवढंच अंतर परत चाला आणि फेरे मोजा. ९ आले तर स्लिप १० टक्के, साडेआठ आले तर १५. साडेआठच्या खाली आले तर वजन कमी पडतंय. साडेनऊ-पावणेदहा आले तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, प्लेटा काढा.

एवढंही करायचं नसेल तर टायरचा ठसा बघा. दातांचा ठसा पूर्ण पुसून मातीच खरवडली गेली असेल तर स्लिप जास्त. ठसा साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ असेल तर वजन जास्त. कडेला दात दिसतायत पण मधली माती सरकलीय, हे बरोबर.

वजनाआधी बघायच्या गोष्टी सोडून देणं

टायरचे दात झिजून गुळगुळीत झालेत आणि आपण प्लेटांची चौकशी करतोय असं खूप दिसतं. हवेचं पण तसंच, रोडला ट्रॉली ओढायची म्हणून टाइट भरलेली हवा घेऊन शेतात उतरायचं, मग टायर जमिनीला पूर्ण टेकत नाही आणि स्लिप मारतो. मॅन्युअलमध्ये शेतासाठी आणि रोडसाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळा. लिफ्टचा ड्राफ्ट लिव्हरही (ओढीच्या जोरानुसार अवजार वर-खाली करणारा) बरेच जण वापरतच नाहीत, सगळं पोझिशनवर (अवजार ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर) चालवतात. ड्राफ्ट नीट सेट केला तर जोर आला की लिफ्ट नांगराला हलकासा उचलते आणि नांगराचा, मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणजे फुकटचं वजन, तेही लागेल तेव्हाच.

टायरात पाणी भरताना

प्लेटांपेक्षा स्वस्त उपाय, एक लिटर म्हणजे एक किलो. १३.६-२८ च्या टायरात पाऊण भरलं तर दोनशे लिटरच्या आसपास बसतं, मिनीच्या ८.३-२० मध्ये साधारण पन्नास. चाक जॅकवर घ्या, वाल्व सगळ्यात वर आणा, पिन काढून पाइप लावा, मधेमधे पाइप काढून आतली हवा सोडा. वाल्वमधून पाणी बाहेर यायला लागलं की थांबा, पिन बसवा आणि वर हवा भरा. काठोकाठ भरू नका, हवेला जागा राहिली नाही तर टायर दगडासारखा होतो आणि सगळे दणके रिम आणि ड्रायव्हर खातात. दोन्ही बाजूला सारखंच भरा.

बाहेरच्या देशांचे व्हिडिओ बघून पाण्यात मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकणारेही आहेत. ते तिकडे पाणी गोठू नये म्हणून टाकतात हो, आपल्याकडे निफाडला थंडीत पारा पाचच्या खाली जातो तेव्हासुद्धा टायरातलं पाणी गोठत नाही. पंक्चर झालं की ते खारट पाणी रिमवर उतरतं आणि रिम खातं.

एकदा लावलं की कायमचं

चाक थोडं स्लिप होतं ते फ्यूजसारखं असतं, जोर फार आला की तिथे सुटका होते. वजन ठासून भरलं की चाक स्लिप होत नाही आणि तोच जोर क्लच, गिअर आणि फायनल ड्राइव्हवर (चाकाजवळच्या शेवटच्या गिअरवर) जातो. वर मातीचंही नुकसान. बागेत ट्रॅक्टर दर फवारणीला त्याच दोन पट्ट्यांवरून जातो, एक्सलचा भार जितका जास्त तितकी माती खोलवर दबते, आणि खोल दबलेली काळी माती मोकळी करणं सोपं नाही. म्हणून नांगरटीला लावलेल्या प्लेटा फवारणीच्या आधी उतरवा. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीला तर वजन नकोच, तिथे ट्रॅक्टर जड झाला की रुततो, लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखं चाक) लावा.

बोल्टचा आळस

लोकल ओतकाम करून घेतलेल्या प्लेटांची भोकं थोडी इकडेतिकडे असतात, मग बारीक बोल्ट घालून जमवलं जातं. तसं करू नका, भोकाच्या मापाचा ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या, खाली जाड वॉशर टाका, प्लेट रिमच्या डिस्कला सपाट बसली पाहिजे. चाक एक्सलला धरणाऱ्या नटांवर प्लेट कधीच अडकवू नका. ट्रॅकची रुंदी (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) बदलायला रिम उलटी केली असेल तर प्लेट आतल्या बाजूला ब्रेक हाउसिंगला किंवा मडगार्डला घासते का, ते चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. पहिले दोन-तीन तास काम झालं की सगळे बोल्ट परत आवळा. नंतर रोडला टकटक आवाज आला तर तिथेच थांबून आधी तेच बघा.